गोवा वेल्हा म्हणजे जुने गोवे नव्हे

ओल्ड गोवा आणि गोवा वेल्हा. दोन्ही नावांचा अर्थ एकच, गावं मात्र दोन. एक पणजीच्या पूर्वेला मांडवीकाठी, बासिलिकेचं, ज्याला आपण जुने गोवे म्हणतो. दुसरं दक्षिणेला, आगशीच्या वाटेवर. एखाद्या कार्यक्रमाच्या प्रेसनोटीच्या इंग्रजी मसुद्यात ‘गोवा वेल्हा’ असतं. मुंबईच्या जनसंपर्क एजन्सीत बसलेलं कुणीतरी शब्दाचा अर्थ शोधून त्याचं ‘जुने गोवे’ करतं आणि सकाळी साडेदहाला वृत्तपत्राचा छायाचित्रकार बासिलिकेसमोर स्कूटर लावून उभा राहतो. कार्यक्रम तिकडे सुरू झालेला असतो.

जनसंपर्काच्या धंद्यात व्यावसायिक मानकांवर बोलायला लोक परिषदा भरवतात. माझ्या मते मानक इथून सुरू होतं, गावाच्या नावापासून. कोलवा सासष्टीत, कोलवाळ बार्देशात. माशेल वेगळं, म्हार्दोळ वेगळं, आणि रोमन लिपीत दोन्ही इतकी सारखी दिसतात की बाहेरचा माणूस हमखास फसतो. नावेली सासष्टीत आहे तशी डिचोलीतही आहे, म्हणून नुसतं ‘नावेली’ लिहून भागत नाही, सोबत तालुका लागतोच. शिवोली, हळदोणे, मयडे, कुडतरी, केपे ही नावं रोमन स्पेलिंगवरून देवनागरीत उतरवायला गेलात तर ‘सिओलिम’, ‘अल्डोना’, ‘मोइरा’ होतात आणि डेस्कवरच्या उपसंपादकाला पहिल्याच ओळीत कळतं की लिहिणाऱ्याचा गोव्याशी संबंध नाही. मग पुढचे आकडे तरी बरोबर आहेत असं त्याने का मानावं?

माणसांच्या नावांचंही तेच. मिनेझिस की मिनेझेस, रॉड्रिग्ज की रॉड्रिगीश, हे अंदाजाने ठरवायचं नसतं. ज्याचं नाव आहे त्यालाच विचारायचं, ‘देवनागरीत कसं लिहिता?’ दोन मिनिटांचं काम. हिंदू नावांतही खोच असते: नाईक आणि नायक, कामत आणि कामथ, गांवकर आणि गावकर. नावात चुकलेली बातमी त्या माणसाच्या घरी कात्रण म्हणून ठेवली जात नाही, आणि बातमी ज्याच्याविषयी असते त्याला ती ठेवावीशी वाटणं हेच तर आपलं काम.

आता थोडं मागे जातो, कारण या धंद्याचा पहिला जाहीरनामा आणि पहिली ठळक घसरण एकाच माणसाच्या नावावर आहे. अमेरिकेत आयव्ही ली याने १९०६ साली वृत्तपत्रांना उद्देशून तत्त्वांचं निवेदन काढलं. मथितार्थ असा की आमचं काम उघड आहे, माहिती अचूक देऊ, कोणाच्या वतीने बोलतो ते सांगू, संपादकाला तपशील पडताळायचा असेल तर मदत करू. त्याच वर्षी अटलांटिक सिटीजवळ रेल्वे अपघात झाला तेव्हा लपवाछपवी न करता त्याने रेल्वे कंपनीतर्फे पत्रक काढलं आणि पत्रकारांना घटनास्थळी नेलं. आधुनिक प्रेसनोटीचा जन्म बरेच जण तिथे मानतात.

आणि आठ वर्षांनी? १९१४ मध्ये कोलोरॅडोतल्या लडलो इथे कोळसा खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, बायकामुलंही मेली. खाणमालकांतर्फे लीने पत्रकांची मालिका काढली. त्यात कामगार पुढाऱ्यांच्या कमाईचे आकडे भलतेच फुगवलेले निघाले. पुढे चौकशी आयोगापुढे त्याला विचारण्यात आलं की हे आकडे खरे आहेत का, हे तू तपासलंस का? नाही. मालकांनी दिले, त्याने छापले. १९०६ ची तत्त्वं कागदावर तशीच होती, फक्त क्लायंटचा आकडा न तपासता पुढे गेला होता.

खाणींच्या प्रदेशात राहणाऱ्यांना या गोष्टीतली मेख वेगळी समजावून सांगायला नको. गोव्यात मुक्तीनंतरची पहिली मोठी दैनिकं खाण-उद्योगातल्या घराण्यांनीच काढली: ‘गोमन्तक’ १९६२ मध्ये चौगुल्यांनी, ‘नवहिंद टाइम्स’ १९६३ मध्ये धेंपो घराण्याने. हे वाईट म्हणून सांगत नाही, त्या दैनिकांनी उत्तम संपादकही दिले. मुद्दा एवढाच की उद्योग, वृत्तपत्र आणि सत्ता इथे पहिल्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत. सगळे एकमेकांना ओळखतात. त्यामुळे ‘मालकाला एक फोन करा’ हा मोह प्रत्येक क्लायंटला होतो, आणि तो फोन न करणं हा इथल्या जनसंपर्कवाल्याच्या स्वाभिमानाचा भाग आहे. वार्ताहराला डावलून वरून बातमी घुसवली तर ती एकदा छापून येते. पुढची दोन वर्षं त्या वार्ताहराचा फोन लागत नाही.

भारतात या व्यवसायाला परवाना नाही. वकिलाची सनद जाऊ शकते, सनदी लेखापालाला संस्था बाहेर काढू शकते. जनसंपर्कवाल्याला कुणी रोखू शकत नाही. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ पासून आहे, २१ एप्रिल १९६८ च्या दिल्लीतल्या अधिवेशनात तिने आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटनेची १९६५ ची अथेन्स आचारसंहिता स्वीकारली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन. पण सदस्यत्व ऐच्छिक. संस्थेने कारवाई केली तरी माणूस दुसऱ्या दिवशी नवं व्हिजिटिंग कार्ड छापू शकतो. तरीही धाक नसतोच असं नाही. ब्रिटनमधली बेल पॉटिंजर ही बडी जनसंपर्क कंपनी दक्षिण आफ्रिकेत वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवल्याबद्दल सप्टेंबर २०१७ मध्ये व्यावसायिक संघटनेतून हाकलली गेली. क्लायंट पळाले आणि काही दिवसांतच कंपनी दिवाळखोरीत गेली. कायद्याने नव्हे, विश्वास उडाल्यामुळे.

तर तपासायचं काय आणि कसं?

पहिला शब्द ‘पहिले’. ‘गोव्यातील पहिले’, ‘आशियातील पहिले’. क्लायंटला तो प्राणप्रिय असतो. आशिया खंडातला पहिला छापखाना म्हणायचं की युरोपीय पद्धतीचा पहिला छापखाना, यावरही जाणकार शब्द तोलून बोलतात. तो छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यातच आला. ज्या भूमीत खरे ‘पहिले’ आहेत तिथे एखाद्या कॅफेने ‘गोव्यातले पहिले’ म्हणून मिरवताना चार वेळा विचार करावा. नियम साधा: ‘पहिले’साठी क्लायंटकडून लेखी आधार मागा. नसेल तर ‘कंपनीचे गोव्यातील पहिले’ असं लिहा. तेवढ्याने विधान खरं होतं आणि बातमीची किंमतही जात नाही.

दुसरी जागा म्हणजे उपस्थिती. सभागृहात खुर्च्या ३०० आणि प्रेसनोटीत ‘८०० हून अधिक नागरिक’. वार्ताहर तिथेच बसलेला असतो, त्याला खुर्च्या दिसतात. नोंदणीचे कागद मोजा, ते नसतील तर भरलेल्या रांगा गुणिले खुर्च्या. रक्तदान शिबिरात नाव नोंदवलेले, प्रत्यक्ष रक्त दिलेले आणि जमा झालेल्या युनिट्स हे तीन वेगळे आकडे असतात. हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलेले ‘रक्तदाते’ नसतात. गुंतवणुकीच्या बातमीत ‘१०० कोटींची गुंतवणूक’ म्हणजे झालेली, मंजूर झालेली की पाच वर्षांत करायचं म्हटलेली, हे एका शब्दाने स्पष्ट होतं. तो शब्द गाळायला सांगितलं जातं तेव्हा सावध व्हा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर भाव हलवणारी माहिती आधी बाजाराला कळवावी लागते, मग वृत्तपत्राला. पणजीत पत्रकार परिषद उरकून संध्याकाळी सावकाश बाजाराला कळवू, असं तिथे चालत नाही.

प्रेसनोटीचं अंग कसं असावं यावर फार काथ्याकूट नको. २५० ते ३०० शब्द, पहिला परिच्छेद ३५-४० शब्दांचा, त्यात कोण, काय, कुठे, कधी. मजकूर ईमेलच्या अंगातच, युनिकोडमध्ये; पीडीएफ नको, कारण त्यातून देवनागरी कॉपी केली की जोडाक्षरं फुटतात. जुन्या डीटीपी फॉन्टमधली वर्डची फाइल तर अजिबात नको. दुसऱ्या संगणकावर ती उघडली की नुसती चिन्हं दिसतात. उलटही होतं: डेस्कवर युनिकोड मजकूर त्यांच्या फॉन्टमध्ये बदलताना ‘ऱ्या’ आणि रफार घसरतात, म्हणून नावात असं अक्षर असेल तर ते रोमन लिपीतही एकदा तळाशी टीप म्हणून द्या, उपसंपादक दुवा देईल. ‘माननीय’, ‘सन्माननीय’, ‘लोकप्रिय’ ही विशेषणं डेस्कवर कापलीच जातात. ती कापण्यात उपसंपादकाची पाच मिनिटं जातात आणि त्या पाच मिनिटांत तुमचा शेवटचा, खरा महत्त्वाचा परिच्छेदही उडतो.

फोटोबद्दल मात्र बोलायला हवं, कारण निम्म्या बातम्या फोटोपायी पडतात. १५ सेंटिमीटर रुंद छापायचा असेल आणि वृत्तपत्राच्या कागदाला इंचाला २०० ठिपके धरले, तर फोटो किमान ११८० पिक्सेल रुंद लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि तीन ग्रुपांतून फिरून आलेला तर चेहरे चोपडे करून येतो. मूळ फाइल ईमेलने पाठवा किंवा डॉक्युमेंट म्हणून. कॅप्शनमध्ये ‘डावीकडून’ असं लिहून नावं क्रमाने. दोन रांगा असतील तर बसलेले आणि उभे वेगळे. कॅप्शन लिहिताना फोटो उघडून बोट ठेवत नावं वाचा. समारंभाच्या कार्यक्रमपत्रिकेवरून कॅप्शन लिहिणारे हमखास फसतात, कारण जे पाहुणे आलेच नाहीत ते कॅप्शनमध्ये हजर असतात. आणि समई लावतानाचा फोटो… असो. एखादा वेगळा काढा. समईच्या मागे काय सुरू झालं ते दिसेल असा.

वेळ. पत्रकार परिषद अकराची असेल तर प्रेसनोट तिथेच हातात आणि ईमेलवरही. सगळं चारपर्यंत पोचायला हवं. ग्रामीण पानं मुख्य पानाच्या आधी सुटतात, त्यामुळे वाळपईची बातमी सात वाजता पाठवली तर ती उद्याच्या वाळपईच्या पानात नसते. विधानसभेचं अधिवेशन सुरू असताना दुपारी पणजीत परिषद ठेवू नये, सगळे पर्वरीला असतात. नोव्हेंबरमध्ये इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत तेच. रविवारी पाठवलेली साधी पण पूर्ण बातमी सोमवारी बरी जागा मिळवते, कारण कचेऱ्या बंद असल्याने डेस्कवर मजकूर कमी असतो. तळाशी ज्याचा नंबर दिलाय त्याने रात्री दहापर्यंत फोन उचलायचा. शंका साडेनऊला येते.

भाषेचा प्रश्न गोव्यात नाजूक, म्हणून कामही जास्त. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या सरकारी वापराचीही तरतूद राहिली. तेव्हा मराठी दैनिकाला मराठी, कोकणीला कोकणी. एकच देवनागरी फाइल दोन्हींकडे ढकलणं हा दोन्ही भाषांचा अपमान, आणि तो लगेच ओळखू येतो. इंग्रजीतून यंत्राने केलेली मराठी तर वाचवत नाही: ‘आम्ही हे जाहीर करताना उत्साहित आहोत’. कोण उत्साहित? वाचकाला दुकान किती वाजता उघडतं ते हवंय.

अवतरणांबाबत या धंद्यात एक जुनी सवय आहे. साहेबांचं वाक्य आपणच रचायचं. रचायला हरकत नाही, पण ज्याच्या तोंडी घालणार त्याने ते वाचून ‘होय’ असं लेखी कळवलं पाहिजे, निदान मेसेजवर. न वाचलेल्या वाक्यावर दुसऱ्या दिवशी वार्ताहराने फोन केला आणि साहेब म्हणाले ‘मी असं बोललोच नाही’, तर खोटारडा वार्ताहर ठरतो. चूक आपली, बदनामी त्याची.

भेटींचं पाहू. परिषदेनंतर चहा-नाश्ता, जेवण, पेन, वही इथपर्यंत ठीक. चवथीच्या आधी काजूगराचं पाकीट, डिसेंबरात बाटल्यांची टोपली, इथे प्रत्येक जण ‘आपल्याकडची रीत’ म्हणतो. रीत घरी पाळावी. बातमीच्या दिवशी, बातमी मागताना हातात ठेवलेली वस्तू ही भेट राहत नाही. रोख पाकिटाबद्दल तर वाद घालण्यासारखं काही नाही. पैसे देऊन जागा घ्यायचीच असेल तर जाहिरात विभागाकडे जा, पावती घ्या आणि वर ‘जाहिरात’ असं छापून येऊ द्या.

हॉटेलांच्या धंद्यात ही रेषा आता रीलवर आली आहे. किनारपट्टीवरच्या रिसॉर्टात दोन रात्री फुकट राहून ‘अप्रतिम अनुभव’ टाकणारे रोज दिसतात. फुकट मुक्काम हाही मोबदलाच. जाहिरात क्षेत्राचं स्वनियमन करणाऱ्या अ‍ॅस्कीच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत जाहिरातीची खूण किमान ३ सेकंद दिसली पाहिजे, दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ, आणि त्याहून मोठ्यात त्या वस्तूविषयी बोलणं चालू आहे तोवर. खाली वर्णनात, पन्नास हॅशटॅगांच्या गर्दीत लपवलेली खूण चालत नाही. दिशाभूल करणारी जाहिरात ठरली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. इन्फ्लुएन्सरला द्यायचं रिसॉर्टचं पत्र तयार करताना ही अट आपणच घालायची. इन्फ्लुएन्सरला माहीत नव्हतं, असं नंतर म्हणण्यात अर्थ नाही.

खरी कसोटी मात्र वाईट दिवशी. समजा, हॉटेलात लग्नाचं जेवण झालं आणि रात्री वीस पाहुणे उलट्यांनी हैराण. पहिल्या तासात चार वाक्यांचं निवेदन निघालं पाहिजे: काय घडल्याचं आम्हाला कळलं आहे, बाधितांसाठी काय केलं, कोणत्या यंत्रणेला कळवलं, पुढची माहिती किती वाजता देऊ. एवढंच. ‘सर्व काही नियंत्रणात आहे’ लिहू नका, कारण बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दोन जण अतिदक्षता विभागात असतील तर तुमचं पहिलंच वाक्य खोटं ठरतं. रुग्णांची संख्या इस्पितळाने सांगायची, बाधेचं कारण प्रयोगशाळेने. ‘बाहेरचं खाल्लं असावं’ हे वाक्य क्लायंटचा वकीलही सुचवतो. ते गाळा. मृत्यू झाला असेल तर घरच्यांना कळल्याशिवाय नाव नाही. आणि पुढची माहिती सहाला देतो म्हटलं तर सहाला द्याच, नवीन काही नसलं तरी ‘नवीन माहिती नाही’ एवढी ओळ पाठवा. ती ओळ न आल्यानेच अफवा सुरू होतात.

लैंगिक गुन्ह्याच्या प्रकरणात शाळेतर्फे किंवा संस्थेतर्फे निवेदन काढताना तर दुप्पट काळजी. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. आपल्या गावांत वाडा आणि इयत्ता सांगितली की झालं, अर्ध्या तासात घर सापडतं. ‘संबंधित विद्यार्थिनी’ याच्या पुढे एक शब्द नको.

चूक झाली तर दुरुस्ती. विषयाच्या ओळीत पहिला शब्द ‘दुरुस्ती’, मग काय चुकलं आणि काय वाचावं हे एकाच वाक्यात, नंतर पूर्ण सुधारित मजकूर. ‘सुधारित प्रेसनोट’ म्हणून गुपचूप दुसरी फाइल पाठवली तर डेस्कवर दोन्ही पडून राहतात आणि घाईत जुनीच लागते. छापून आल्यावर चूक वृत्तपत्राची असेल तर संपादकांना दोन ओळींचा खुलासा. चूक आपली असेल तर तसं लिहा.

महिनाअखेरीचा अहवाल. इथे अजूनही कात्रणं चिकटवून जागेचा हिशेब होतो: १२ गुणिले २० म्हणजे २४० चौरस सेंटिमीटर, जाहिरातीचा दर समजा चौरस सेंटिमीटरला १०० रुपये, झाले २४,०००, बातमीवर विश्वास जास्त म्हणून गुणिले तीन, ७२,०००. क्लायंट खूश. जनसंपर्काच्या मोजमापाविषयीच्या २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी जाहिरात-मूल्य हे जनसंपर्काचं मोजमाप नव्हे असं स्पष्ट म्हटलं, आणि त्या तिपटीला आधार काय हे आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. शिवाय कंपनीवर टीका करणारी बातमीही २४० चौरस सेंटिमीटरचीच असते. त्यापेक्षा हे लिहा: शिबिराला किती आले, त्यांतल्या कितींनी बातमी वाचून आल्याचं सांगितलं, हेल्पलाइनवर कोणत्या तालुक्यातून फोन आले, कोणता मुद्दा चुकीचा छापून आला.

करारात ‘महिन्याला दहा बातम्या’ अशी हमी देऊ नये. जागा वृत्तपत्राची, आपण फक्त मजकुराची हमी देऊ शकतो. त्याऐवजी लिहावं: महिन्याला किती पत्रकं, किती तासांत उत्तर, संकटात कोण उपलब्ध, आणि कोणती कामं करणार नाही. ती शेवटची यादी करारातच असली की नंतर नकार देताना आवाज चढवावा लागत नाही. एक महिन्याची नोटीस दोन्ही बाजूंना. काम सुटलं तर समाजमाध्यमांच्या खात्यांचे पासवर्ड, मूळ फोटो आणि कात्रणांची फाइल शेवटच्या बिलाची वाट न बघता नव्या एजन्सीच्या हवाली करायची. वार्ताहरांचे नंबर मात्र नाहीत. ते त्यांनी आपल्याला दिलेले असतात, क्लायंटला नव्हे.